कमी पैशात रॅलीक्रॉसची पहिली गाडी कशी निवडायची?

[या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा फारशी बदललेली नाही. खर्चाचे आकडे मात्र वेगळ्या ओळींत दिले आहेत, म्हणजे स्क्रीनशॉट काढायला सोपं जाईल.]



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितलेला आहे. प्रश्न साधारण एकाच साच्यातला असतो. "दादा, मातीवर गाडी पळवायची आहे, बजेट दीड-दोन लाख आहे, कुठली घेऊ?" आणि खाली लगेच जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचे दोन-तीन फोटो. त्यात एक तरी गाडी अशी असते, जिला भलामोठा सायलेन्सर लावलेला असतो, सस्पेन्शन खाली बसवलेलं असतं आणि मालक सांगत असतो की "इंजिनाचं काम केलंय".

उत्तर आधीच सांगून टाकतो. पेट्रोलवर चालणारी, मॅन्युअल गिअरची, पुढच्या चाकांना ताकद मिळणारी साधी छोटी हॅचबॅक घ्या. जिचे पार्ट तुमच्या तालुक्याच्या गावातल्या गॅरेजमध्येही मिळतात, अशी. आणि तुमच्याकडे जे एकूण पैसे आहेत, त्यातले निम्म्याहून कमी गाडीवर घाला. बस, एवढंच. आता यामागची कारणं सांगतो. कारणं कळली की मॉडेल तुमचं तुम्ही निवडाल.

गाडी बघायला जाण्याआधी एक कसोटी लावून घ्या. मी तिला सोमवारची कसोटी म्हणतो. समजा रविवारी स्पर्धेत लोअर आर्म वाकला आणि गाडी टोचन करून घरी आणावी लागली. सोमवारी सकाळी घरात कोणाचं काही अडणार आहे का? आईला दवाखान्यात न्यायचंय, बाबांना कामावर जायचंय, तुम्हाला स्वतःला शिफ्टला पोचायचंय आणि त्यासाठी हीच एक गाडी आहे, असं असेल तर ती गाडी मातीवर न्यायची नाही. हप्ते चालू असलेली गाडी तर नाहीच नाही. मोडली तरी घर चालू राहील, अशीच गाडी या खेळात परवडते.

आधी खेळ समजून घेऊ

रॅलीक्रॉस हा खेळ इंग्लंडमधला. ४ फेब्रुवारी १९६७ रोजी लिडन हिल या सर्किटवर टीव्हीसाठी म्हणून पहिली शर्यत भरवली गेली आणि पोर्शे ९११ घेऊन आलेल्या विक एल्फर्डने ती जिंकली. अर्धा रस्ता डांबरी, अर्धा मातीचा, चार-सहा गाड्या एकदम सुटणार, दोन-चार मिनिटांत निकाल. पुढे हे मोठं होत होत २०१४ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. तुम्ही रील्समध्ये बघता त्या ६०० हॉर्सपॉवरच्या गाड्या तिथल्या. ते आपलं काम नाही.

आपल्या उपयोगाचा प्रकार म्हणजे हौशी रॅलीक्रॉस. अमेरिकेत एससीसीए नावाचा मोठा क्लब आहे, तो हे भरवतो. मोकळं मातीचं मैदान, प्लास्टिकचे कोन मांडून आखलेला मार्ग, गाड्या एकेक करून सुटतात आणि स्पर्धा घड्याळाशी. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड. आणि यातली गंमत ऐका. तिथे तुमची सर्वांत चांगली एकच फेरी धरत नाहीत, दिवसभरातल्या सगळ्या फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करतात. म्हणजे एक फेरी भन्नाट मारून दुसऱ्या फेरीत गाडी बंद पडली, तर काही उपयोग नाही. दिवसभर टिकणारी गाडीच पुढे राहते.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचा प्रकार म्हणजे मातीवरचं ऑटोक्रॉस. मुरमाड माळरानावर किंवा मोकळ्या मैदानात मार्ग आखतात, आणि घड्याळ लावून गाड्या सोडतात. एफएमएससीआय ही आपली मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना. तिच्याशी संलग्न क्लब अशा स्पर्धा भरवतात. बहुतेक ठिकाणी इंजिनाच्या सीसीनुसार गट पडतात आणि प्रत्येक स्पर्धेची स्वतःची पूरक नियमावली निघते. हा कागद गाडी घेण्याआधी वाचायचा. तुमचा गट १,४०० सीसीपर्यंतचा असेल आणि तुमची गाडी ८०० सीसीची असेल, तर तुम्ही शिकाल पुष्कळ, पण बक्षिसाची आशा धरू नका. आधीच माहीत असेल तर त्याचं वाईट वाटत नाही.

दोन लाखांची वाटणी

आता पैसे. "गाडी एक लाख ऐंशी हजाराला मिळतेय, बजेट दोन लाख, म्हणजे वीस हजार उरले" हा हिशेब पहिल्याच महिन्यात कोसळतो. समजा तुमच्याकडे एकूण दोन लाख आहेत. मी ते असे वाटेन:

गाडी: ९५,०००
नाव बदलणं, विमा, पीयूसी, बाकीची कागदपत्रं: १०,०००
घेतल्या घेतल्या करायची दुरुस्ती: २५,०००
हेल्मेट, आग विझवायचा सिलिंडर: १५,०००
टायर आणि खालचा गार्ड: २०,०००
दोन-तीन स्पर्धांची प्रवेश फी, पेट्रोल, ने-आण: २०,०००
तोडफोडीसाठी राखीव: १५,०००

हे बाजारातले ठरलेले भाव नव्हेत, ही माझी वाटणी आहे. शहराप्रमाणे आकडे इकडेतिकडे होतील. नियमावलीने कार-रेसिंगचं खास हेल्मेट मागितलं, तर चौथी ओळ चांगलीच वाढेल. पण प्रमाण बघा. गाडीला निम्मेसुद्धा पैसे दिलेले नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटून दुसरी आहे. तुम्ही शिकता ते गाडी विकत घेऊन नाही, चालवून. पन्नास हजार जास्त देऊन वीस हॉर्सपॉवर जास्त मिळवलेल्यापेक्षा, तेच पन्नास हजार प्रवेश फी आणि सरावात घातलेला पोरगा वर्षअखेरीस पुढे असतो. मी स्पर्धांमध्ये मार्शल म्हणून उभा असतो, तेव्हा हे दर वेळी दिसतं.

ताकद कुठल्या चाकांना?

मातीवर टायरला पकड कमी. गाडी वळणात जोरात घातली की पुढच्या चाकांवर चालणारी गाडी नाक बाहेर काढते, म्हणजे तुम्ही स्टिअरिंग वळवलं तरी ती सरळ जायला बघते. ऐकायला वाईट वाटतं, पण नवशिक्यासाठी हे वरदान आहे. कारण उपाय सोपा आहे. पाय ॲक्सिलरेटरवरून उचला. वजन पुढे येतं, पुढच्या चाकांना पकड मिळते आणि गाडी वळते. घाबरल्यावर माणूस आपोआप जे करतो, तेच इथे बरोबर असतं.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हेच उलटं. मातीत जरा जास्त ॲक्सिलरेटर दिला की शेपूट बाहेर, आणि घाबरून एकदम पाय उचलला की गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. शिकायला मजा येते, पण पहिल्या वर्षी तुमचा अर्धा दिवस कोन उभे करण्यात जाईल. तेही तुमचा नाही, आम्हा मार्शल लोकांचा.

फोर-बाय-फोरचं काय? "जिप्सी घेऊ का?" हा हमखास प्रश्न. जिप्सी ही आपल्या रॅलींची लाडकी गाडी, तिच्यासाठी स्पर्धांमध्ये वेगळे गटसुद्धा राहिले आहेत. पण नवशिक्यासाठी तीन अडचणी. एक, चांगली जिप्सी आता स्वस्त मिळत नाही. उत्पादन थांबलंय आणि शौकिनांनी भाव वर नेलेत. दोन, पाट्यांचं सस्पेन्शन. ते मजबूत असतं, पण गाडी उड्या मारते आणि सांभाळायला हात पक्का लागतो. तीन, उंची.

या उंचीवर जरा थांबू. सकाळी मार्ग गुळगुळीत असतो. पन्नास-साठ फेऱ्या झाल्या की वळणांवर खोल चाकोऱ्या पडतात. तुमची गाडी आडवी घसरत आली आणि बाहेरची दोन चाकं त्या चाकोरीच्या काठाला अडली, तर उंच गाडी कलंडू शकते. वेग तीस-चाळीसचा असला तरीसुद्धा. म्हणून ओम्नी, ईको, उंच एसयूव्ही हे प्रकार सुरुवातीला नको. बुटकी आणि पसरट गाडी बरी.

आता मॉडेल

मारुती ८००. डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी ग्राहकाच्या हातात गेली आणि २०१४ च्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. हलकी गाडी म्हणजे ब्रेक कमी झिजतात, टायर कमी झिजतात, आणि चिखलात रुतली तर चार पोरं ढकलून बाहेर काढतात. पण गाड्या जुन्या झाल्यात, पत्रा पातळ आहे आणि १२ इंची चाकांना मातीवरचे टायर शोधणं अवघड. चांगली, घरातली, गंज नसलेली मिळाली तर घ्या. नुसती स्वस्त मिळतेय म्हणून घेऊ नका.

अल्टो, आणि त्यातही अल्टो के-१०. माझ्या मते तंग बजेटमधली ही सगळ्यात शहाणी निवड. ९९८ सीसीचं के-सिरीज इंजिन, टायमिंग बेल्टऐवजी चेन, वजन आठशे किलोच्या आत. पार्ट कुठेही मिळतात. मेकॅनिकला समजावून सांगावं लागत नाही. अशा मार्गावर बहुतेक वेळ तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असता, त्यामुळे १०० च्या पुढे गाडी किती धावते याला काही अर्थ नाही. दुसऱ्या गिअरमध्ये ती वळणातून किती लवकर बाहेर येते, एवढंच बघायचं, आणि त्यात ही छोटी गाडी हुशार आहे.

एस्टीम आणि जुनी स्विफ्ट. या दोघींची गोष्ट मला फार आवडते. एस्टीम आपल्याकडे १९९४ ला आली, स्विफ्ट २००५ ला. पण पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये जे १,२९८ सीसीचं इंजिन होतं, ते एस्टीमच्या इंजिनाच्याच घराण्यातलं. जिप्सी किंगमध्येही तेच घराणं. त्यामुळे या इंजिनावर हात बसलेले मेकॅनिक गावोगावी सापडतात. एस्टीम हलकी आहे आणि आपल्या रॅलींमध्ये वर्षानुवर्षं पळालेली आहे. मात्र आता चांगल्या अवस्थेतली मिळणं हा नशिबाचा भाग. या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला ते मालकाला नक्की सांगता येत नसेल, तर घेतल्यावर पहिल्यांदा तोच बदला.

स्विफ्ट, पेट्रोल, १,२९८ किंवा नंतरची १,१९७ सीसी. दोन लाखांच्या थोडं वर जायची तयारी असेल तर ही घ्या. चौकट घट्ट आहे, १४ इंची चाकं असल्यामुळे टायरला पर्याय जास्त, आणि पुढे तुम्हाला खरी रॅली करायची झाली तरी हीच गाडी वाढवत नेता येते. त्रास एकच. पोरांनी ठोकलेल्या स्विफ्ट बाजारात पुष्कळ आहेत. म्हणून तपासणी नीट करायची, ती पुढे सांगतो.

होंडा सिटी व्हीटेक. नाव काढलं तरी लोकांचे डोळे चमकतात. १,५०० सीसीचं ते इंजिन खरंच जबरदस्त होतं. पण गाडी जमिनीला टेकलेली, चांगल्या अवस्थेतल्या फार कमी उरलेल्या, आणि शौकिनांमुळे भाव चढलेले. दुसरी गाडी म्हणून घ्या, पहिली म्हणून नको.

पोलो आणि फिगो. दोन्ही चालवायला छान, स्टिअरिंग बोलकं. पोलो तर आपल्या रॅली-अजिंक्यपदात खूप पळाली आहे. पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं आणि पोलो २०२२ ला बंद झाली. पार्ट मिळतात, पण शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तालुक्याच्या गावात मिळतीलच असं नाही. आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळीच काहीतरी तुटतं, हा या खेळाचा अलिखित नियम आहे.

डिझेल नको. नाक जड, आणि इंजेक्टर किंवा टर्बो गेला की तुमची राखीव रक्कम एका फटक्यात संपते. सीएनजी किटवाली नको. मागे सिलिंडरचं वजन, खालून दगडांचा मार. ऑटोमॅटिक किंवा एएमटी नको, कारण दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवायचं काम तुमच्या हातात पाहिजे. आणि हँडब्रेक हाताने ओढायचा हवा, बटणाचा नको.

एबीएसबद्दल बरेच जण विचारतात. सैल मातीवर चाक लॉक झालं की पुढे मातीचा छोटा ढीग साचतो आणि तो गाडी थांबवायला मदत करतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून सैल मातीवर गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकतं. जुन्या साध्या गाडीत एबीएस नसेल तर इथे काही बिघडत नाही. पण असेल आणि गाडी रस्त्यावरही चालवत असाल, तर ते काढायचं नाही. रस्त्यावर तेच जीव वाचवतं.

गाडी बघायला जाताना

सोबत तुमचा मेकॅनिक न्या. त्याला दिवसाची मजुरी द्या, मित्र असला तरी द्या. गाडी शक्यतो सकाळी बघा, इंजिन थंड असताना. आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवायचंय असं समजा.

पहिलं, पत्रा. रंग, ओरखडे, बंपरचे पोचे यांकडे दुर्लक्ष करा. ते सगळे तुम्ही पुन्हा पाडणारच आहात. त्याच कारणाने भावही पाडून मागा. पण खाली वाकून बघा. शॉकअप जिथे बॉडीला बसतात ती जागा, लोअर आर्मची जागा, दाराखालची पट्टी, स्टेपनीखालचा पत्रा. किनारपट्टीवर राहिलेली गाडी असेल तर दुप्पट बारकाईने. खाऱ्या हवेत गंज आतून खातो, वरून रंग चकचकीत असतो. या जागा गंजल्या असतील तर गाडी फुकट मिळाली तरी सोडून द्या. मातीवरचा पहिला मोठा खड्डा ती जागा फाडतो.

दुसरं, ठोकलेली गाडी ओळखणं. बॉनेट उघडून पुढच्या आडव्या पट्टीचे जोड बघा, दोन्ही बाजूंचे सारखे आहेत का. दारं आणि बॉडी यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का.

तिसरं, आवाज. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. कट-कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. दुसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन एकदम पाय काढा. गिअर सटकून बाहेर आला तर गिअरबॉक्सचं काम निघणार. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ पांढरट थर दिसला आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

चौथं, कागद. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. बँकेचा बोजा उतरलाय का बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर पुन्हा पासिंग करून नूतनीकरण करावं लागतं आणि ते स्वस्त राहिलेलं नाही. चौदा वर्षांची गाडी "एवढ्या स्वस्तात" का मिळतेय, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

घेतल्यावर काय करायचं, काय नाही

करायचं ते असं. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळं नवीन. ब्रेक पॅड नवीन. सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट तपासून, ढिले असतील ते बदला. इंधनाचे रबरी पाइप जुने असतील तर बदला. बॅटरी हलणार नाही अशी घट्ट बांधा. इंजिनाच्या चेंबरखाली जाड पत्र्याचा गार्ड लावा. एका दगडाने चेंबर फुटलं आणि ऑइल वाहून गेलं, तर इंजिन गेलंच समजा. टोचन करायचा हुक पुढे-मागे शाबूत आहे का बघा. एअर फिल्टर प्रत्येक स्पर्धेनंतर झटका, मुरमाची धूळ पिठासारखी बारीक असते.

टायरबद्दल. मुरमाच्या मार्गावर रस्त्याचे चांगले टायर सुरुवातीला पुरतात. झिजलेले मात्र नको. काळ्या मातीत पाऊस झाला तर गोष्ट वेगळी. ती माती टायरच्या खाचांत बसून टायर गुळगुळीत करून टाकते. अशा दिवशी महागडे टायर नसले तरी, हलका पाय असलेला ड्रायव्हर बाजी मारतो. पहिल्या दोन-तीन स्पर्धा आहे त्या टायरवर करा. मातीवरचे खास टायर मग घ्या.

करायचं नाही ते म्हणजे ताकद वाढवणं. सायलेन्सर, चिप, मोठा फिल्टर, काही नको. कमी ताकदीच्या गाडीत चूक लपत नाही. वळणात वेग गमावला की सरळ पट्ट्यात भरून निघत नाही, आणि घड्याळ लगेच सांगतं. तसंच शिकायला होतं.

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. मूळ अवस्थेतली गाडी तुम्ही चालवत स्पर्धेला नेऊ शकता. खूप बदललेली गाडी ट्रकवर घालून न्यावी लागते, म्हणजे प्रत्येक स्पर्धेला भाडं.

सुरक्षा आणि विमा

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, तुमच्या मापाचं, आणि नियमावली मागेल त्या मानांकनाचं. बाइकच्या आणि कार-रेसिंगच्या हेल्मेटमध्ये फरक असतो. कारच्या हेल्मेटचं अस्तर आगीला तोंड देणारं असतं, आणि गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्यावर डोकं आपटण्याचा विचार त्याच्या चाचणीत केलेला असतो. कुठलं चालेल, ते आयोजकांना विचारून मगच घ्या. सीट बेल्टची पट्टी कुठे तंतू सुटलेली असेल तर बेल्ट बदला. काचा वर, म्हणजे गाडी कलंडली तर हात बाहेर जात नाही. गाडीत सुटी एकही वस्तू नको. पाण्याची बाटली ब्रेक पेडलखाली गेली, तर ब्रेक लागणार नाही. कोन मांडलेल्या ऑटोक्रॉसला पिंजरा लागतो की नाही, ते त्या-त्या नियमावलीवर आहे. खऱ्या रॅलीला मात्र तो लागतोच.

आता जे कोणी आवर्जून सांगत नाही, ते ऐका. तुमच्या गाडीच्या विमा पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" नावाचा मजकूर असतो. आत्ता फोनवर पॉलिसी उघडून बघा. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर त्यातून वगळलेला असतो. म्हणजे स्पर्धेत झालेलं नुकसान तुमच्या खिशातून. खोटं सांगून दावा करायचा विचारही नको, ती फसवणूक आहे. म्हणूनच ९५ हजारांची गाडी. ती पूर्ण गेली तरी तुम्ही कर्जात जात नाही.

आणि सराव बंद जागेतच. रिकामा घाट, एमआयडीसीतला रात्रीचा रस्ता, नवीन बायपास, तिथे नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि समोरून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याने तुमच्या खेळात नाव दिलेलं नसतं.

गाडीच्याही आधीची पायरी

शेवटी एक बिनपैशाचं काम सांगतो. गाडी घेण्याआधी एका स्पर्धेला मार्शल म्हणून जा. क्लबला माणसं नेहमीच कमी पडतात, ते आनंदाने घेतील. दिवसभर उन्हात एका वळणावर उभे राहा. कुठल्या गाड्या दुपारनंतरही पळतायत आणि कुठल्या बॉनेट उघडून उभ्या आहेत, ते मोजा. कोणाचे पार्ट मित्राच्या बाइकवरून अर्ध्या तासात आले आणि कोण फोनवर फोन करत बसलंय, ते बघा. संध्याकाळी तुमच्या वहीत जी यादी तयार होईल, ती माझ्या या भागापेक्षा पक्की असेल.

बऱ्याचदा त्याच दिवशी कोणीतरी आपली गाडी विकायला काढलेली असते. खेळात आधीच पळालेली, गार्ड लावलेली, बुश बदललेली, आणि तुम्ही दिवसभर डोळ्यांनी पाहिलेली. जाहिरातीतल्या चकचकीत गाडीपेक्षा अशी पोचे पडलेली गाडी घेणं कधीही बरं. तपासणी मात्र तिचीही करायची, मेकॅनिक नेऊनच.

तर मंडळी, तुमच्या डोक्यात कुठली गाडी आहे, ती किती सालची आहे, आणि ती सोमवारच्या कसोटीत बसते का, हे मला नक्की कळवा. पुढच्या भागात मातीवर ब्रेक कसा मारायचा, आणि डावा पाय ब्रेकवर का ठेवतात, यावर बोलू. तोवर बेल्ट लावा, सांभाळून चालवा. भेटूया!